दोन वाव दोर

बुधवार, १९ ऑक्टोबर १९९४. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी 'सातेरी' कुसवे बंदराच्या धक्क्याला लागली. सकाळी दोन बोटी गेल्या होत्या, 'सातेरी' आणि 'रवळनाथ'. परत आली एक. दोन्ही बोटींची मिळून नऊ माणसं होती. 'सातेरी'वर आठ होती.

मी धक्क्यावर होतो, कारण त्या दिवशी दुसरी बातमी मिळालेली नव्हती. देवगड तालुक्याचा वार्ताहर म्हणून रोज संध्याकाळी साडेसहाच्या आत मला काहीतरी फॅक्सने पाठवावं लागे. दुपारी वादळाचा बावटा लागल्याचं कळलं, म्हणून मी मोटारसायकल काढून कुसव्याला आलो होतो. बावट्याची चार ओळींची बातमी झाली असती.

दोन्ही बोटी नारबा कोयंडे यांच्या. 'सातेरी'वर ते स्वतः तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. 'रवळनाथ' त्यांनी दीड वर्षापूर्वी जावयाच्या ताब्यात दिली होती. जावई जयवंत टिकम, वय चोवीस. जयवंतची बायको वैजयंती धक्क्यावर उभी होती. मी माणसं मोजली, तशी तिनेही मोजली असणार. नारबा उतरले तेव्हा ती पुढे झाली.

"बाबा, जयवंत?"

नारबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. बायकांनी तिला धरून घरी नेलं. त्यानंतर तेरा दिवस ती घराबाहेर आली नाही. हे मला नंतर कळलं, आणि त्याचं महत्त्व त्याच्याही बऱ्याच नंतर.

नारबा धक्क्यावरच्या खुंट्यावर बसले. कोणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. त्यांच्या मागे 'सातेरी'चा मशीनवाला केशव आडकर समुद्राकडे तोंड करून उभा होता. सव्वीस वर्षांचा पोरगा. अंगातला शर्ट काढून तो पिळत होता. पाणी निथळायचं थांबलं तरी पिळत होता.

"तांडेल, काय झालं?"

"रवळनाथचा मशीन बंद पडला. आमी दोर लावलो. वढून आणीत होतंव. मगे वारो सुटलो. तिच्यात पाणी भराक लागला. तिघा खलाशांका दोराबरोबर आमच्याकडे वढून घेतलंव."

"आणि जयवंत?"

"तो सुकाणूक रवलो."

ओढून आणायच्या बोटीवर सुकाणू धरायला एक माणूस लागतो. नाहीतर ती आडवी होते आणि ओढणारीलाही घेऊन जाते. हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्याने सांगितलं. मी ते लिहून घेतलं.

"मग?"

"मगे तिचो नाळ पाण्यात गेलो. दोराबरोबर आमची बोट खाली जावक लागली." नारबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तेना हात वर केल्यान. दोर कापलो."

"जयवंतने कापला?"

नारबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून केशवकडे पाहिलं. केशवने वळून पाहिलं नाही.

"होय," नारबा म्हणाले.

मी 'सातेरी'वर चढलो. दिसेल ते टिपून ठेवायची मला सवय होती. उपयोगी काय पडेल ते आधी कळत नाही. इंजिनाच्या खोलीत गुडघाभर पाणी, दोन फुटकी क्रेट, मागच्या खुंट्याला जाड नायलॉनचा दोर, दोन वाव, टोक सरळ कापलेलं. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप. तेही मला त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं.

साडेसहाला पाच मिनिटं असताना बातमी गेली. अडीचशे शब्दांची मर्यादा होती. क्रेट, पाणी आणि दोर मी गाळले. सकाळी अंक आला तेव्हा बातमी पहिल्या पानावर होती, दोन कॉलम. 'दोर कापून जावयाने आठ जणांना वाचवले.' आतमध्ये डेस्कवरच्या कोणीतरी एक वाक्य बदललं होतं. मी लिहिलं होतं, 'त्याने हात वर केला.' छापलं होतं, 'त्याने हात उंचावून सर्वांचा निरोप घेतला.'

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाच दिवस शोध झाला. काही सापडलं नाही. सहाव्या दिवशी मी सहा ओळी पाठवल्या.

*

पंधरा दिवसांनी चिंतूबुवा मेस्त्री माझ्या खोलीवर आले. दिवसा सुतारकाम, एरवी भजन. आमच्याकडे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि एकमेकांवर मात करायला नवे गजर बांधतात. चिंतूबुवांच्या गजरांना तालुकाभर मागणी होती. कानावर पेन्सिल आणि काखेत शाळेची वही घेऊनच ते आत आले. वहीत माझी बातमी कापून भाताच्या शितांनी चिकटवलेली होती.

"ह्या तुमीच लिवलास मा?"

"हो."

"सगळा खरा?"

"तांडेलांनी सांगितलं ते लिहिलं."

"तसा नको. खरा की खोटा, तितक्या सांगा. माझो नियम आसा, छापून इल्याशिवाय मी गजर बांधणय नाय. गेल्या वर्साक समोरच्या बुवान ऐकीव गोष्टीवर गजर केल्यान. गजरात जेका मारल्यान, तोच माणूस पयल्या रांगेत बसान चिवडो खाय होतो."

मी हसलो. बुवा हसले नाहीत. ते थांबले होते.

"खरं आहे," मी म्हणालो.

"मगे झाला." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कात्रणातल्या एका ओळीखाली रेघ मारली. "निरोप घेतला, ह्या बरा लिवलास हां. गजर थयच आसा."

ते वाक्य माझं नव्हतं. मी तसं बोललो नाही.

पुढच्या नारळी पौर्णिमेला दुपारी चारच्या सुमारास, नारळ सोडायच्या आधी, बुवांनी तो गजर धक्क्यावर पहिल्यांदा म्हटला.

हात उंचविला, दोर तोडिला,
जयवंत गेला दर्याघरी;
आठ दिवे हे घरा पोचले,
नववा तेवे लाटेवरी.

चाल साधी होती. दुसऱ्या वेळेला लोक बुवांच्या मागून म्हणू लागले, तिसऱ्या वेळेला त्यांना बुवांची गरज राहिली नाही. नारबा सोनेरी कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांचे खलाशी त्यांच्या बाजूला टाळ वाजवत होते. ते टाळ वाजवत होते, पण म्हणत नव्हते. ओठ मिटलेले. मी वहीत लिहिलं: 'सातेरीची माणसं, कोरस विरळ.' दुःख असेल, असं मी धरून चाललो. केशव आडकर त्यांच्यात नव्हता. मशीन बघायचं आहे म्हणून तो बोटीच्या पोटात उतरला होता आणि गाणं संपेपर्यंत वर आला नाही.

बायका मच्छीमार सोसायटीच्या ओटीवर बसल्या होत्या. मी जवळच होतो. एक म्हातारी वैजयंतीला म्हणाली, "नशीबवान गो तू, वैजू. असो घोव कोणाक गावता?"

"कोणाकच नाय," वैजयंती म्हणाली.

मी ते अभिमानाचं वाक्य म्हणून छापलं.

दिवाळीत गाण्याची कॅसेट निघाली. रिक्षात, उसाच्या गुऱ्हाळात, एस.टी.च्या कँटीनमध्ये ते ऐकू येऊ लागलं. मुंबईहून चाकरमानी गणपतीला आले की कॅसेटच्या चार-चार प्रती घेऊन जात. मला दोन ठिकाणी बोलावून नारळ दिला. गाण्याच्या मागची बातमी माझी, म्हणून.

*

मार्च १९९८. सकाळचे अकरा. मी देवगडच्या खोलीत ग्रामपंचायत निवडणुकीचे आकडे उतरवत होतो. वैजयंती आली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची असेल. बापलेक दोघंच घरात राहत. आई ती लहान असतानाच गेली होती. जाळी विणून आणि दुरुस्त करून ती स्वतःपुरतं मिळवत होती. तिने हातातली गोणपाटाची पिशवी टेबलावर, माझ्या आकड्यांवरच ठेवली.

"भाऊ, कामात आहात?"

"बसा."

तिने पिशवीतून दोराचं एक भेंडोळं काढलं.

"हे ओळखता?"

"दोर आहे."

"तेवढं मला पण कळतं." ती किंचित हसली. "माळ्यावर जुनी जाळी काढायला चढले होते. कौलाखाली, फडक्यात बांधून ठेवलेला. तुम्ही त्या दिवशी सातेरीवर चढून सगळं लिहून घेतलं होतंत असं बायका सांगतात. दोराचं लिहिलं होतंत का?"

माझ्या वह्या वर्षवार लावलेल्या असतात. ९४ सालची ऑक्टोबरची वही काढायला दोन मिनिटं लागली. मी वाचून दाखवलं, 'मागच्या खुंट्याला जाड नायलॉनचा दोर, दोन वाव, टोक सरळ कापलेलं.'

ती उभी राहिली. दोराचं टोक चिमटीत धरून तिने दोन्ही हात पसरले. एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा दोर संपला.

"दोन," ती म्हणाली आणि बसली.

"मला कळलं नाही."

"तुम्हाला कसं कळणार? ओढायचा दोर चाळीस वाव होता. त्याच आठवड्यात मी मोजून गुंडाळला होता. जयवंतने त्याच्या नाळावर कापला असता तर सगळाच्या सगळा सातेरीच्या मागे लोंबत घरी आला असता. आला दोन वाव."

मी वहीतली ओळ पुन्हा वाचली. ती तेवढीच होती.

"नंतर कापला असेल," मी म्हणालो. "पंख्यात अडकू नये म्हणून."

"अडतीस वाव दोर माझा बाबा दर्यात सोडून देईल? तुटकी सुतळी गाठी मारून ठेवतो तो." तिने भेंडोळं परत पिशवीत घातलं. "बंदरावर सगळ्यांना त्याच दिवशी कळलं असणार. खुंट्याकडे बघितलं की कळतं. मी घरात होते, आणि तुम्हाला दोरातलं कळत नाही. न कळलेले आपण दोघंच राहिलो. आणि ते चिंतूबुवा. ते सुतार."

मी वही मिटली.

"चार वर्षं मी त्याच्यावर रागावलेय, भाऊ. गाणं लागलं की मी मान खाली घालते. बायकांना वाटतं रडतेय. मी मनात म्हणत असते, आठ जणांचं बघितलंस, आणि घरी एक होती तिचं नाही बघितलंस? कोयता मारताना एकदा तरी आठवायचं होतंस. लोक हात जोडतात त्याच्या नावाने, आणि मी त्याच्याशी भांडते. कोणाला सांगणार हे?"

"मग आता?"

"आता तुम्ही बाबांना विचारा. दोर कुठल्या टोकाला कापला, आणि हाताचं काय ते. छापायचं नाही. मला येऊन सांगायचं."

"तुम्हीच का नाही विचारत?"

"मी विचारलं तर रात्री त्याला जेवायला कोण वाढणार?"

ती हे रागाने म्हणाली नाही. तो तिच्यापुढचा खरोखरचा प्रश्न होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुसव्याला गेलो. नारबा मांडवाखाली बसून जाळ्याला बोये, ते तरंगतं ठेवणारे गोळे, बांधत होते. बासष्ट वर्षांचे असतील. बोटं अजून पोरासारखी चालत होती.

"येवा, पत्रकारानू. च्याय घेतलास?"

"घेतला. एक विचारायचं होतं. रवळनाथचं."

"चार वर्सा झाली. आता खंयचो पेपर छापतलो ता?"

"छापायचं नाही."

"मगे तर जास्तीच वायट," नारबा म्हणाले.

मी माळ्यावरच्या दोराचं नाव काढलं नाही. इतकंच म्हणालो, की त्या दिवशी मागच्या खुंट्याला दोन वाव दोर होता, असं माझ्या वहीत आहे. नारबांनी बोया बांधून पुरा केला, दात लावून दोरा तोडला आणि दुसरा बोया घेतला.

"तिना बघल्यान काय तो दोर?"

मी जाळ्याकडे बघितलं.

"फडक्याची गाठ माझी नाय," ते म्हणाले. "परवा माळ्यार चढलंय तेव्हाच समाजला. मी मारतंय ती गाठ येगळी."

थोडा वेळ ते काम करत राहिले. मग मी न विचारता बोलू लागले. जाळ्याकडे बघून.

"मी कापलंय. केशवान कोयतो हातात दिल्यान, मी मारलंय. रवळनाथचो नाळ पुरो खाली गेल्लो. आमची मागची बाजू वढून घेतल्यान. मशीनीत पाणी. सात पोरां बोटीर. केशव बोंब मारता, तांडेल, तांडेल. तेका काय ता माका सांगूक धीर नाय, आणि माका काय ता इचारूक येळ नाय."

"मग मी विचारलं तेव्हा जयवंतने कापला म्हणालात."

"तुमी म्हणालास. मी होय म्हटलंय." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी नाव घेतलास, आणि माका वाटला, हेच्यात चेडवाक थोडा बरा वाटात. घोव मोठो झालो म्हणान. बापाशीचा तोंड बघवात तिका."

"आणि हात?"

"हात वर केल्यान ता खरा. निरोप बिरोप मी सांगूक नाय, ता तुमच्या पेपराचा. आमच्या बंदरार हात वर करतत ते दोन गोष्टींसाठी. पंजो उघडो असलो तर म्हणजे रव, थांब. मूठ असली तर म्हणजे सोड, दोर सोड." त्यांनी उजवा हात वर केला, उघडा, मग मिटला. मग तो परत जाळ्यावर ठेवला. "पाऊस होतो. माझी नजर तेव्हाच कमी झालेली. हात दिसलो. पंजो की मूठ, ता माका दिसूक नाय."

"थांबून बघता आलं नसतं?"

"आला असता. एक लाट." त्यांनी बांधलेला बोया सोडून पुन्हा बांधला. "केशवाची नजर बरी आसा. तो माझ्या बाजूकच होतो. तेका दिसला असतला."

"त्याने काय सांगितलं?"

"मी इचारूक नाय."

"चार वर्षांत?"

"तेनाही सांगूक नाय. दुसऱ्या वर्सी तेना बोट सोडल्यान. आता मालवणाक कोणाच्यातरी टेम्पोवर आसा म्हणतत." त्यांनी जाळं ओढून पुढचा भाग मांडीवर घेतला. "तिका सांगतलास?"

"तिनेच विचारायला पाठवलंय."

"ता माका कळला. सगळा सांगतलास?"

मी म्हणालो की तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार. नारबांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा त्यांनी च्याय घेतलास काय असं पुन्हा विचारलं.

*

वैजयंती तिठ्यावर, एस.टी.च्या थांब्यावर उभी होती. देवगडला जाळ्याचं सूत आणायला निघाले असं घरी सांगून आली होती. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काय म्हणाला?"

"दोर सातेरीवरून कापला. त्यांनी स्वतः."

तिने मान हलवली. ते तिला माहीत होतं. फक्त दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"आणि हात? पंजा की मूठ?"

नारबा तिचे वडील. बंदरावरची खूण तिला माझ्या आधीपासून माहीत असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिठ्यापर्यंत दोन किलोमीटर होते. मी त्या दोन किलोमीटरमध्ये काहीच ठरवलं नव्हतं.

"हात नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ते आमचं. डेस्कवर कोणीतरी घातलं. हात उंचावला, निरोप घेतला. बातमी बरी दिसावी म्हणून घालतात असं."

"पण बाबा पहिल्या दिवसापासून म्हणतो, हात वर केल्यान."

"पेपरात वाचून म्हणत असतील. आज मला तसं म्हणाले नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. गर्दीत पोराला शोधावं तसं, एकेका जागी थांबून. मी वही काढली नाही.

"मग त्याने काहीच केलं नाही?"

"नाही."

"सुकाणू धरून होता."

"हो."

"वाट बघत होता."

"हो," मी म्हणालो.

गाडी वळणावर दिसली. तिने पदर खोचला आणि हात दाखवून गाडी थांबवली. पायरीवर चढून ती वळली.

"तुम्ही लोक कायपण लिहिता हां, भाऊ," ती म्हणाली. आवाजात जवळजवळ चेष्टा होती. चार वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

*

तिने वडिलांना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढची अकरा वर्षं ती त्यांना दोन्ही वेळा वाढत राहिली. शेवटची दोन वर्षं भरवतही होती. २००९ च्या जूनमध्ये नारबा गेले. मी एकशेवीस शब्दांची बातमी दिली: ज्येष्ठ तांडेल, मच्छीमार सोसायटीचे माजी अध्यक्ष, पश्चात कन्या. गाण्याचा उल्लेख केला, दोराचा केला नाही.

चिंतूबुवांना मी दोर कुठून कापला ते कधीच सांगितलं नाही. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा नियम त्यांनी पाळला होता. गाणं अजून चालतं. अलीकडे कोणीतरी ते ढोलकी आणि मशीनच्या तालावर केलं आहे. लग्नाच्या वरातीत लागतं आणि दर्याघरी म्हटलं की पोरं हात वर करून नाचतात. वैजयंती ते लागलं की आता मान खाली घालत नाही. दोन-तीनदा मी तिला गुणगुणतानाही ऐकलं. पहिली ओळ सोडून, दुसरीपासून.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. चौतीस वर्षांत अनेक चुका छापल्या, त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी दुरुस्त केल्या. जाणूनबुजून खोटं एकदाच सांगितलं, आणि ते छापलेलं नसल्यामुळे त्याची दुरुस्ती कुठे टाकायची हे मला कळलेलं नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी वैजयंतीचा फोन आला.

"भाऊ, केशव आडकरला लकव्याचा झटका आला. आठ दिवस झाले. आज त्याच्या सुनेचा फोन आला मला."

"तुमची ओळख होती तिच्याशी?"

"नाही ना. म्हणून तर. दवाखान्यात त्याच्या बाजूच्या खाटेवरच्या पोराने मोबाइलवर ते गाणं लावलं म्हणे. केशव ओरडायला लागला. शब्द नाही, नुसता आवाज. कोणाला बोलवायचं आहे का म्हणून ती एकेक नाव घेत गेली. भाऊ, बहीण, मालक. नाही, नाही. कुसव्याचं कोणी? तेव्हा मान हलवली. मग तिने कुसव्याची नावं घेतली. माझ्या नावाला मान हलवली. एकतीस वर्षांत तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. बाबांच्या दिवसांनाही आला नाही. त्याला काय सांगायचं असेल?"

"कल्पना नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पण चला. तुम्ही विचारलं की माणसं सांगतात."

"चलतो."

"वही घेऊन या."

काल, रविवारी सायंकाळी सहापर्यंतची माहिती अशी. केशव आडकर, वय सत्तावन्न, शुद्धीवर आहे. नजर चांगली आहे, माणसं ओळखतो. वाचा गेलेली आहे आणि ती परत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही. उजवी बाजू हलत नाही. आम्ही उद्या सकाळी साडेनऊच्या गाडीने निघणार आहोत. वैजयंतीने दोन तिकिटं काढली आहेत. डावा हात तो खांद्यापर्यंत उचलतो. बोटं मिटता येतात का, ते त्याच्या सुनेला सांगता आलं नाही.